‘खाली’: एका शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी शिकवते आणि शब्दांविषयी मला पत्रं येतात, निरोप येतात, बाजारात गाठून लोक विचारतात. नांदेड, परभणी, लातूर, बीड अशा सगळीकडून येणाऱ्या या प्रश्नांत एक शब्द पुन्हा पुन्हा डोकावतो, तो म्हणजे ‘खाली’. आपल्याकडे मराठवाड्यात घरात मराठी, मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात दखनी उर्दू आणि सीमेपलीकडे तेलुगू-कन्नड बोलली जाते. या प्रत्येक ठिकाणी हा शब्द भेटतो, पण प्रत्येक वेळी त्याचा अर्थ तोच असतो असं नाही. त्यामुळे उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. एका उत्तरातला भाग दुसरीकडे लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘खाली’ हा एकच शब्द आहे ना? मग त्याचे ‘तळाशी’ आणि ‘रिकामं’ असे दोन अर्थ कसे झाले?

हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘बैल झाडाखाली बांधलाय’ यातला ‘खाली’ आपल्या जुन्या देशी भाषेतून आलेला आहे. ‘पिंप खाली झालं’ यातला ‘खाली’ मुळात अरबी, तो फारसीच्या वाटेने आला. दोघांचा उच्चार जुळला, पुढे लेखनही जुळलं (प्रश्न ४), म्हणून ते एकच वाटतात. झाडाचा पार आणि नदीपार यांतले दोन ‘पार’ आपण गोंधळ न होता वापरतो, तसंच हे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीतही या दोन शब्दांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत.

२. ‘तळाशी’ या अर्थाच्या ‘खाली’चं मूळ काय?

मूळ नाम आहे ‘खाल’, म्हणजे सखल भाग, खालची बाजू. त्याला सप्तमीचा जुना प्रत्यय ‘ईं’ लागून ‘खालीं’ झालं. घर-घरीं, तळ-तळीं, तसं खाल-खालीं. म्हणजे ‘खाली’ या शब्दातच ‘सखल जागी’ हा अर्थ आहे.

हे ‘खाल’ अजून बऱ्याच शब्दांत जिवंत आहे. खालचा, खालून, खालती, खालोखाल, खालावणे, खालमानेने हे सगळे त्याच घरातले. कोकणात समुद्राकडच्या सखल पट्टीला ‘खलाटी’ म्हणतात. संस्कृत कोशांत ‘खल्ल’ म्हणजे चर किंवा खळगा. बंगालीत ‘खाल’ म्हणजे कालवा, ओढा. हिंदीतही सखल जमिनीला ‘खाल’ म्हणतात. हे शब्द एकाच कुळातले मानले जातात.

३. आणि रिकामा ‘खाली’ कुठून आला?

अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. इथला धातू आहे ख़-ल-व: रिकामं असणं, एकांतात असणं. त्यापासून ‘ख़ाली’. अरबीतून तो फारसीत गेला आणि फारसी ही दख्खनच्या दरबारांची भाषा झाली तेव्हा इथे आला.

इतर भागांपेक्षा मराठवाड्यात तो का मुरला, याला कारण आपला इतिहास आहे. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. राजधानी परत गेली, पण आलेल्यांपैकी अनेक जण इथेच राहिले. १३४७ मध्ये बहमनी राज्य सुरू झालं तेही दौलताबादेतच. पुढे निजामशाही आली, मुघल आले, १७२४ पासून आसफजाही आली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. सहाशे वर्षं कचेरीची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू असेल, तर तिचे शब्द पाटलाच्या ओसरीवर, तिथून शेतावर आणि शेतावरून चुलीपर्यंत येणारच. माझ्या आजोबांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं. ते घरात शुद्ध मराठी बोलत, पण कणगी रिती झाली की ‘खाली झाली’ असंच म्हणत.

४. पूर्वी हे दोन्ही शब्द वेगळे लिहायचे असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि या सगळ्या प्रश्नांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. जुन्या छपाईत ‘तळाशी’ या अर्थाचा शब्द ‘खालीं’ असा अनुस्वार देऊन लिहीत, कारण सप्तमीचा प्रत्यय ‘ईं’ होता. रिकाम्या ‘खाली’वर टिंब नसे. जुनं पुस्तक वाचणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळायचं की पेला मेजाच्या तळाशी आहे की रिकामा आहे.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने स्वीकारले. त्यांत उच्चारात न राहिलेले, फक्त व्युत्पत्तीमुळे टिकलेले अनुस्वार काढून टाकले. घरीं-घरी, कांहीं-काही, तसंच खालीं-खाली झालं. त्याच वेळी ‘नांव’ (ज्याने हाक मारतात ते) आणि ‘नाव’ (होडी) हेही एक झाले.

तो निर्णय मला योग्यच वाटतो. न उच्चारलेल्या टिंबांसाठी मुलांनी किती मार खाल्ला असेल! पण आज ‘खाली’चा जो घोटाळा वाटतो त्याची एक बाजू लेखनातल्या या बदलाने आणली, हे माहीत असावं. घरात आजोबा-पणजोबांची पोथी किंवा १९६२ च्या आधीचं क्रमिक पुस्तक असेल तर उघडून पाहा. टिंब सापडेल.

५. वाक्यात कोणता ‘खाली’ आहे हे कसं ओळखायचं? मुलांना सोपी खूण हवी.

‘कुठे?’ विचारून उत्तर मिळालं तर तो तळाचा ‘खाली’. ‘कसं?’ विचारून उत्तर मिळालं तर तो रिकामा ‘खाली’.

पोतं कुठे आहे? खाली आहे. पोतं कसं आहे? खाली आहे.

मोठ्या मुलांना व्याकरणाची आणखी एक खूण देता येते. तळाचा ‘खाली’ नामाच्या सामान्यरूपाला चिकटतो: खाटेखाली, छपराखाली, बसखाली. त्यापासून खालून, खालचा, खालील अशी रूपं होतात. रिकामा ‘खाली’ विशेषण आहे. तो नामाच्या आधी सुटा उभा राहतो आणि बदलत नाही: खाली डबा, खाली बादली, खाली पोतं. त्याचं ‘खालून’ होत नाही. ‘करणे’, ‘होणे’, ‘असणे’ ही क्रियापदं मात्र त्याला आवडतात.

६. मोंढ्यात ‘गाडी खाली करा’ म्हणतात. माल खाली उतरवतात म्हणून ‘खाली’ ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. विचारणारा बहुतेक वेळा खात्रीनेच विचारतो, कारण डोळ्यांसमोर पोती खाली येताना दिसतात.

वाक्यात ‘करा’चं कर्म काय आहे ते पाहा. गाडी. गाडी तळाशी जात नाही, ती आहे तिथेच उभी राहते आणि रिकामी होते. म्हणून ‘गाडी खाली करा’ यात अरबीतून आलेला ‘ख़ाली’ आहे. गाडी उतारावरून पुढे आणायची असेल तर आपण ‘गाडी खाली घ्या’ म्हणतो, ‘करा’ म्हणत नाही.

‘माल खाली करा’ हे मात्र अवघड आहे. माल रिकामा होत नाही, खाली येतो. म्हणून हा तळाचा ‘खाली’ असं मी बरीच वर्षं सांगत होते. मग एकदा लक्षात आलं की उत्तरेकडून आलेले हमालही ‘माल खाली करो’ म्हणतात, आणि त्यांच्या हिंदीत ‘खाली’ला तळाचा अर्थच नाही (प्रश्न ९). त्यांच्याकडे ‘गाडी रिकामी करणे’ यावरून ‘माल उतरवणे’ असा अर्थ पुढे सरकला आहे. म्हणजे आडतीसमोर मराठी हमाल आणि हिंदी हमाल एकच पोतं उचलून एकच वाक्य म्हणतात, पण दोघांच्या मनात शब्द वेगळा असू शकतो. म्हणून हल्ली मी या वाक्याचा निवाडा करत नाही. बोलणारा कोण आहे ते आधी विचारते.

मराठवाड्यात दोन्ही अर्थ इतके सहज एकत्र नांदतात त्याचं कारणही इथेच दिसतं. धान्य, कापूस, पाणी यांच्या व्यवहारात एखादी गोष्ट खाली आली की दुसरी खाली होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. वाघिण्यांतलं पाणी खाली उतरलं की वाघिण्या खाली होत आणि परत मिरजेची वाट धरत. दोन्ही ‘खाली’ त्या दिवसांत लोकांच्या तोंडी होते.

७. मुलाने ‘डबा खाली होता’ असं लिहिलं आणि शाळेत लाल रेघ मिळाली. चूक आहे का?

नाही. ‘रिकामे’ या अर्थाचा ‘खाली’ मराठी कोशांत आहे. भाड्याच्या करारात ‘जागा खाली करून देणे’ असं आजही सर्रास लिहितात. हिंदीचा शब्द घुसला असं शिक्षकांना वाटतं. पण आपल्याकडे तो हिंदीच्या क्रमिक पुस्तकातून आलेला नाही, त्याच्या कितीतरी आधी आला आहे (प्रश्न ३).

शिक्षकांची एक बाजू मात्र मला मान्य आहे. ‘डबा खाली होता’ या वाक्याचे खरोखरच दोन अर्थ होतात. निबंधात मुलाला रिकामा डबा म्हणायचा असेल आणि वाचणाऱ्याला जमिनीवरचा डबा दिसत असेल, तर ‘रिकामा’ लिहावं असं सुचवणं योग्य आहे. पण सुचवावं. लाल रेघ मारून मुलाला त्याच्या आजीचा शब्द अशुद्ध ठरवू नये. मराठवाड्यातल्या मुलांनी हे फार सोसलं आहे.

८. रिकामा, रिता, मोकळा, ओस हे शब्द असताना ‘खाली’ कशाला हवा?

प्रत्येकाची छटा वेगळी आहे. ‘रिता’ हा संस्कृत ‘रिक्त’पासून आला, रिती घागर, रिते हात असं म्हटलं की त्यात थोडी हुरहूर असते. ‘मोकळा’ म्हणजे अडथळा नसलेला: मोकळं रान, मोकळे केस, मोकळा श्वास. ‘ओस’ गाव पडतं, डबा नाही. ‘रिकामा’ सर्वांत व्यापक आहे, पण माणसाला लावला की रिकामटेकडेपणाचा वास येतो.

‘खाली’ची जागा या सगळ्यांहून वेगळी आहे. भरलेलं होतं ते उतरलं आणि आता पुन्हा भरता येईल, असा त्याचा रोख असतो. खाली गाडी, खाली पोतं, खाली टँकर, खाली सिलिंडर. सिलिंडर ‘रिता’ आहे असं कुणी म्हणत नाही. कामाच्या, देवघेवीच्या जगाचा हा शब्द आहे आणि तिथे त्याला पर्याय मिळणं कठीण.

९. हिंदीत ‘खाली’ला ‘तळाशी’ हा अर्थ अजिबात नाही का?

नाही. त्यासाठी हिंदीत ‘नीचे’ आहे. म्हणून मराठी माणूस हिंदी बोलताना ‘बच्चा खाली गिर गया’ म्हणतो तेव्हा ऐकणारा बुचकळ्यात पडतो. उलट बाजूने, नांदेडला गुरुद्वाऱ्यासाठी आलेल्या उत्तरेकडच्या यात्रेकरूला आपण ‘खाली या’ म्हटलं तर त्याला ‘रिकाम्या हाताने या’ असं काहीतरी वाटू शकतं.

रेल्वेत तर हे रोज घडतं. ‘नीचेवाली खाली है क्या?’ असं कुणी विचारलं की आपला माणूस मराठीत सांगतो, ‘खालची खाली आहे.’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. ऐकणाऱ्याला मात्र ते पुन्हा सांगावं लागतं.

१०. उर्दू शब्द देवनागरीत लिहिताना ‘ख़’खाली टिंब देतात. मराठीतही द्यावं का?

गरज नाही. उर्दूतला ‘ख़’ घशाच्या मागच्या बाजूने, घासून येतो. आपला ‘ख’ महाप्राण आहे. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेली पिढी तो फरक बोलताना पाळायची. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं ते उर्दू माध्यमातच, आणि मराठवाड्यातले अनेक वकील, शिक्षक तिथे घडले. पण शब्द मराठीत आला की मराठीच्या उच्चाराने नांदतो. ‘खबर’, ‘खर्च’, ‘खजिना’ आपण टिंबाशिवायच लिहितो. या पानावर जिथे मूळ अरबी-फारसी-उर्दू रूप दाखवायचं आहे तिथेच मी टिंब दिलं आहे.

११. आमचे शेजारी दखनी बोलतात. ते ‘खाली बातां करते’ म्हणतात. यात रिकामं काय आहे?

इथे ‘खाली’ म्हणजे ‘नुसतं’. खाली बातां करते, म्हणजे नुसत्या गप्पा मारतात, काम नाही. ज्यात दुसरं काही नाही ते रिकामं, आणि ज्यात दुसरं काही नाही ते ‘नुसतं’. अर्थ इतक्या सहज सरकला आहे. ‘बातां’ हे अनेकवचनही खास दखनी आहे.

गंमत म्हणजे हजार मैलांवरच्या बंगालीतही अगदी हेच झालं. तिथे ‘खालि’ म्हणजे रिकामं, आणि ‘ओ खालि हासे’ म्हणजे तो नुसता हसतच असतो. ‘खालि पा’ म्हणजे अनवाणी. पायात काही नाही, म्हणून पाय रिकामे.

१२. देगलूर, धर्माबादकडे तेलुगू आणि उदगीर, उमरग्याकडे कन्नड कानावर येतं. त्या भाषांतही ‘खाली’ आहे. ती मराठीची देणगी का?

मराठीची म्हणता येणार नाही. त्यांनाही तो फारसी-उर्दूकडूनच मिळाला. हैदराबाद संस्थानात आपण सगळे एकाच कचेरीत जात होतो. एक साधा पुरावा असा की त्या भाषांत फक्त रिकाम्याचा अर्थ गेला आहे, तळाचा नाही. मराठीतून गेला असता तर दोन्ही जाण्याची शक्यता होती.

तेलुगूत तो ‘खाळी’ असा ‘ळ’ने लिहितात. ‘इल्लु खाळी चेय्यी’ म्हणजे घर खाली कर. ‘खाळीगा उन्नावा?’ म्हणजे मोकळा आहेस का, वेळ आहे का? नोकऱ्यांच्या जाहिरातींत ‘खाळीलु’ म्हणजे रिक्त जागा.

कन्नडमध्ये ‘खाली’च. कर्नाटकात ‘खाली दोसे’ मिळतो, म्हणजे आत बटाट्याची भाजी न भरलेला साधा डोसा. सोलापूर-उमरग्याकडून तिकडे जाणाऱ्या एका वाचकाने लिहिलं होतं की त्याला हा ‘खालचा डोसा’ वाटला आणि तो थरातला खालचा म्हणून जाड असेल असं समजून त्याने मागवलाच नाही.

तमिळ लिपीत ‘ख’साठी वेगळं अक्षर नाही, म्हणून तिथे तो ‘कालि’सारखा लिहितात. अर्थ तोच.

१३. गुजराती मैत्रीण ‘पगमां खाली चढी’ म्हणते. पाय रिकामा कसा चढतो?

गुजरातीत ‘खाली चडवी’ म्हणजे पायाला मुंग्या येणं, पाय बधिर होणं. गुजरातीत ‘रिकामं’ या अर्थाचाही ‘खाली’ आहे, पण मुंग्यांसाठीचा ‘खाली’ नाम म्हणून वापरतात. मराठीत शब्दशः नेलं तर घोटाळाच होईल. ‘मुंग्या आल्या’ म्हणावं.

१४. अरबीत ‘खाली’ म्हणजे ‘माझा मामा’ असं आखातात काम करणारा माझा भाऊ सांगतो. तो थट्टा करतोय का?

तो खरं सांगतो आहे. अरबीत ‘ख़ाल’ म्हणजे आईचा भाऊ आणि शेवटी ‘ई’ लागली की ‘माझा’. म्हणून ‘ख़ाली’ म्हणजे माझा मामा. रिकामा या अर्थाचा ‘ख़ाली’ लिहायलाही तसाच दिसतो, पण मामाचा धातू वेगळा आहे: ख़-व-ल.

याच धातूतला एक शब्द आपल्या गल्लीत रोज ऐकू येतो. ‘ख़ाला’, म्हणजे मावशी. मराठवाड्यातल्या मुस्लीम घरांत मुलं मावशीला खाला म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला खालू. मामासाठी मात्र त्यांनी अरबी ‘ख़ाल’ घेतला नाही. आपल्यासारखंच ‘मामू’ ठेवलं. हिंदी-उर्दूत सोपी, घरच्यासारखी गोष्ट नसेल तर ‘ये ख़ालाजी का घर नहीं’ म्हणतात. मावशीच्या घरी हवं ते मागता येतं, हे दोन्हीकडे सारखंच.

१५. नकाशात अरबस्तानात ‘रुब अल खाली’ दिसतं. त्यातला ‘खाली’ कोणता? ते दक्षिणेला आहे, म्हणजे नकाशात खाली.

रिकामा. ‘रुब’ म्हणजे चौथा हिस्सा आणि ‘अल ख़ाली’ म्हणजे रिकामा, रिता चतुर्थांश. सौदी अरेबिया, ओमान, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन या चार देशांत पसरलेलं हे वाळवंट सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर आहे. अख्खा महाराष्ट्र त्यात दोनदा मावेल. ते नकाशात खाली येतं हा योगायोग आहे.

१६. तबल्यात ‘खाली’ दाखवताना हात बाजूला नेतात. हात खाली नेतात म्हणून ‘खाली’ का?

नाही. तिथे टाळी नसते म्हणून ती ‘खाली’, टाळीपासून रिकामी. टाळीच्या जागी टाळी देतात. खालीच्या जागी हात उलटा करून हवेत सोडतात.

तीनतालाच्या १६ मात्रांत टाळ्या १, ५ आणि १३ वर येतात, खाली ९ वर. त्या खंडात ‘धिं’च्या जागी ‘तिं’ येतो, डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की अर्धं आवर्तन झालं. झपतालात १० मात्रांपैकी सहाव्या मात्रेवर खाली असते. भातखंडे लिपीत तिचं चिन्ह शून्य आहे. सात मात्रांचा रूपक हा अपवाद: त्याची समच, म्हणजे पहिली मात्राच, खालीच्या जागी पडते. म्हणजे जिथे सर्वांत जोराचा ठोका यावा असं वाटतं तिथेच घुमारा नसतो. तालातलं रिकामेपण वगळायचं नसतं, मोजायचं असतं. भजनी मंडळात बसलेल्या लहान मुलाला हे समजावताना ‘इथं टाळी नाही, पण इथं मात्रा आहे’ असं सांगावं. त्याला बरोबर कळतं.

१७. खालसा, खलास, खुलासा, खलबत, खुलदाबाद हे सगळे ‘खाली’चेच नातेवाईक का?

यांतला एकच खरा नातेवाईक आहे: खलबत. प्रश्न ३ मधला ख़-ल-व धातू आठवा, रिकामं आणि एकांतात असणं. त्यापासून ‘ख़लवत’, म्हणजे एकांत. सुफी साधक ख़लवतीत बसत आणि राजे ख़लवतीत मसलत करत. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ‘ख़िलवत मुबारक’ नावाचा दरबार आहे. मराठीत त्याचं ‘खलबत’ झालं आणि एकांतातली मसलत इतकाच अर्थ उरला. नाटकातला राजा ‘तख़लिया!’ म्हणतो तोही याच धातूचा: दालन खाली करा. (स्वयंपाकघरातल्या खलबत्त्याचा इथे संबंध नाही. तो खल आणि बत्ता यांचा जोडशब्द आहे.)

खलास, खुलासा, खालसा आणि खलाशी हे ख़-ल-स या वेगळ्या धातूचे. त्याचा अर्थ मोकळं होणं, निर्भेळ असणं. ‘खालसा’ जमीन म्हणजे जहागीरदाराकडे न देता निर्भेळ सरकारकडे असलेली. त्यावरूनच डलहौसीने संस्थानं ‘खालसा केली’ असं आपण इतिहासात शिकतो. सातारा १८४८ मध्ये.

खुलदाबादचा धातू तिसराच: ख़-ल-द, चिरंतन असणं. ‘ख़ुल्द’ म्हणजे स्वर्ग. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याला या गावात पुरलं, तेव्हा गावाला रौजा म्हणत. मृत्यूनंतर त्याला ‘ख़ुल्दमकान’ म्हणजे स्वर्गवासी म्हणू लागले, त्यावरून गाव खुलदाबाद. बोलण्यात आणि कागदावरही ते खुलताबाद होतं. गाव ‘खुलतं’ म्हणून ते नाव पडलं असं मुलांना सांगतात, ते खरं नाही.

१८. ग्रीक भाषेत ‘खाली’ म्हणजे गालिचा. हा तर नक्कीच योगायोग असेल?

‘खाली’शी जुळणं हा योगायोग आहे, पण ‘गालिचा’शी नातं खरं आहे! ग्रीक ‘ख़ाली’ तुर्की ‘halı’वरून आला आणि तोही मुळात फारसीतला, ‘क़ाली’, म्हणजे गालिचा. फारसीत लहानपणा दाखवायला ‘चा’ लावतात: बाग-बगीचा. तसंच क़ाली किंवा ग़ालीवरून ‘ग़ालीचा’, छोटी सतरंजी. तोच आपला गालिचा, आणि हिंदीतला क़ालीनही त्याच घरातला. रिकाम्या ‘ख़ाली’चा तुर्की शब्द ‘hali’ हा वेगळा आहे, निर्जन या अर्थाने.

१९. ‘खालील’ बरोबर की ‘खालिल’? आणि ‘खालीलप्रमाणे’ एकत्र की सुटं?

‘खालील’, दीर्घ. वर-वरील, आत-आतील, पुढे-पुढील, तसं खाल-खालील. प्रत्यय ‘ईल’ आहे. ‘खालीलप्रमाणे’ एकत्र लिहावं, कारण ‘प्रमाणे’ हे शब्दयोगी अव्यय आहे. हा शब्द फक्त तळाच्या ‘खाली’पासून होतो, रिकाम्यापासून नाही.

२०. भाड्याने खोली द्यायची आहे. पाटीवर ‘खोली खाली आहे’ लिहिलं तर चालेल का?

भाषेच्या दृष्टीने चालेल, पण पाटीसाठी नको. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी तसं लिहिलं होतं आणि पाटी वरच्या मजल्याच्या कठड्याला लावली होती. येणारे लोक तळमजल्यावर दार वाजवत आणि खालच्या खोलीची चौकशी करत. रिकामी होती वरची. ‘खोली भाड्याने देणे आहे, पहिला मजला’ असं लिहा. बोलताना मात्र खुशाल ‘खाली आहे’ म्हणा, बोट वर दाखवून.